साहित्यातील रंग आणि मुलांचे मन

(पिंपळगाव राजा येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अक्षरांपुरते पाहिले तर छापील पानावर दोनच रंग असतात. कागदाचा पांढरा आणि शाईचा काळा. तरीही त्या पानावरील कविता नीट वाचली गेली की वर्गात बसलेल्या मुलांच्या डोळ्यांपुढे हिरवे कुरण पसरते, निळे पाणी वाहू लागते, तांबडी संध्याकाळ उतरते. चित्रकाराला जे करण्यासाठी रंगपेटी लागते, ते कवी एका विशेषणाने साधतो. शब्दाने उठविलेला रंग डोळ्यांना दिसत नाही, तो मनाला दिसतो. आणि मनाला दिसणारी गोष्ट भावनेवाचून कोरडी राहत नाही. म्हणूनच साहित्यातील रंगांचा विचार हा केवळ अलंकाराचा विचार नव्हे. मुलाच्या मनात कोणत्या वस्तूविषयी प्रेम, कोणत्या वस्तूविषयी भीती आणि कोणत्या माणसाविषयी दुरावा निर्माण होतो, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

रंगाचा मनावर परिणाम होतो हे फार प्राचीन काळापासून ओळखले गेले आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला एक वर्ण दिलेला आहे. शृंगार श्याम, हास्य शुभ्र, करुण पारव्याच्या रंगाचा, रौद्र तांबडा, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा आणि अद्भुत पिवळा, अशी ती योजना आहे. युरोपात जर्मन कवी ग्योटे याने १८१० साली रंगांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पिवळा रंग मनाला ऊब व उल्हास देतो, निळा थंडाव्याची भावना उत्पन्न करतो, अशा प्रकारचे विवेचन त्याने केले. या दोन्ही विचारांत पुष्कळ तथ्य आहे. परंतु त्यांवरून प्रत्येक रंगाला एकच ठरीव भावना चिकटलेली असते असे कोणी समजू लागला, तर तो फसेल. नाट्यशास्त्रातील योजनाच पाहावी. प्रेमाचा वर्ण श्याम आणि भीतीचा वर्ण काळा. डोळ्याला हे दोन रंग शेजारचे. परंतु भावनेने पाहिले तर एक जवळ ओढणारा, दुसरा दूर पळविणारा. रंगाचे सामर्थ्य मोठे आहे खरे, पण ते सामर्थ्य कोणत्या दिशेने जाईल हे रंगाच्या सोबतीवर, ऐकणाऱ्याच्या अनुभवावर आणि भाषेने लावलेल्या वळणावर अवलंबून असते.

भाषेचे हे वळण मराठीत फार बारकाईने पडलेले आहे. मराठी माणूस नुसते 'काळा' म्हणून थांबत नाही. काळोख काळाकुट्ट असतो आणि केस काळेभोर असतात. वस्तुतः दोन्ही ठिकाणी रंग एकच. पण पहिल्या शब्दाने मूल आईला बिलगते आणि दुसऱ्याने आईच्या वेणीकडे कौतुकाने पाहते. दूध पांढरेशुभ्र, परंतु घाबरलेल्याचा चेहरा पांढराफटक. डाळिंबाचे दाणे लालचुटुक, पण रागावलेले डोळे लालभडक. आकाश निळेशार, आणि मार लागलेले अंग काळेनिळे. 'काळसर' म्हणताना बोलणारा तटस्थ असतो. 'काळपट' म्हणताना त्याच्या मनात थोडी नापसंती आलेली असते. 'तांबूस' शब्दात जो सौम्यपणा आहे तो 'तांबड्या'त नाही. पुढे जोडलेल्या या छोट्या शब्दांचा आणि प्रत्ययांचा वेगळा असा अर्थ बहुधा सांगता येत नाही. ते भावना मात्र अचूक सांगतात. व्याकरणाच्या तासाला विशेषणे शिकविताना ही सामग्री शिक्षकाच्या हाती आयती असते. केवळ 'पांढरा हे गुणविशेषण' असे लिहून देऊन तो तास संपविला, तर भाषेतील एक मोठे धन उघडलेच जात नाही.

भाषेप्रमाणेच अनुभवही रंगाला अर्थ देतो, आणि हा अनुभव गावागणिक निराळा असतो. खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा हे कापूस पिकविणाऱ्या मुलखातील गाव. येथील मुलाला काळा रंग प्रथम पुस्तकात भेटत नाही. तो पायाला चिकटलेल्या मातीत भेटतो. मराठी खेड्याच्या भाषेत पिकाच्या जमिनीला 'काळी' म्हणतात आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी'. काळी आणि पांढरी मिळून गाव पुरे होते. काळी पिकली तर पांढरीत चूल पेटते. अशा ठिकाणी काळा म्हणजे वाईट आणि पांढरा म्हणजे चांगला, हा हिशेब मुळातच लागू पडत नाही. शेजारच्या खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती, तरी त्यांची शेतीमातीची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. त्या गाण्यांतील धरती बियाणे कुशीत घेणारी आहे. ज्या मुलाने पेरणी पाहिली आहे त्याला ही कूस काळी असते हे सांगावे लागत नाही.

गुलाबी रंगाचे उदाहरणही असेच विचार करण्याजोगे आहे. पुस्तकांतून गुलाबी थंडी, गुलाबी गाल, गुलाबी पहाट असे शब्द येतात आणि त्यांतून गोडवा सुचविला जातो. कपाशीचे फूल उमलते तेव्हा पांढरट किंवा पिवळसर असते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गुलाबी होते. ते शेतकऱ्याच्या मुलाने पाहिलेले असते. परंतु २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे अतोनात नुकसान केले. ज्या घरात ती अळी बोंड फोडून दाखविली गेली, त्या घरातील मुलाच्या कानाला 'गुलाबी' हा शब्द गोड लागेलच असे नाही. पुढे जून २०२० मध्ये याच जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पाण्याची पातळी उतरून क्षारता वाढली आणि हॅलोआर्किया नावाच्या, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. एरवी हिरवट दिसणारे तेच सरोवर. रंग पालटताच सर्वांच्या नजरा तिकडे वळल्या. रंगाचा पालट मनाला जागे करतो, हे यावरून सहज ध्यानी येते. कवी आणि कथाकार या पालटाचाच उपयोग करीत असतात.

बालकवी त्र्यंबक बापूजी ठोमरे (१८९०–१९१८) यांची 'औदुंबर' ही कविता या दृष्टीने फार मोलाची आहे. बालकवींचा जन्म धरणगावचा, म्हणजे बुलढाण्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यातला. आयुष्य अवघे २७ वर्षांचे. कविता अवघ्या आठ ओळींची. तीत सुख, दुःख, भय किंवा आशा यांपैकी एकही शब्द नाही. आहेत ते बहुतांशी रंग आणि जागा. आरंभी झऱ्याच्या दोन्ही तीरांवर हिरवाई आहे, पाणी निळसर सावळे आहे, पुढे शेतमळ्यांची पुन्हा हिरवीच दाटी आहे. मग त्या हिरव्यातून एक पांढरी पायवाट निघते आणि काळ्या डोहाकडे जाते. शेवटी पाण्यावर पसरलेल्या काळोख्या छायेत पाय सोडून बसलेले झाड दिसते. वाचणाऱ्याचे मन आरंभी मोकळे असते आणि शेवटी गंभीर होते. पण ते कोठे पालटले हे त्याला सांगता येत नाही. कारण कवीने मनाला काही सांगितलेलेच नाही. त्याने डोळ्याला हिरव्यातून पांढऱ्या वाटेने काळ्यापर्यंत चालविले आणि मन डोळ्याच्या मागोमाग गेले. गर्द हिरव्यात पांढरी रेघ असली की दृष्टी तिच्यावरच धावते. ती पायवाट हिरवी किंवा करडी असती तर वाचक डोहापर्यंत पोहोचलाच नसता. आणखी एक गोष्ट. डोहावरील त्या काळिम्याला कवीने गोड म्हटले आहे. तो झाडाचा विसावा आहे, उदासी आहे, की संसाराकडे पाहणारी अलिप्तता आहे, यावर मराठी समीक्षकांनी पुष्कळ चर्चा केली आणि ती एका निर्णयावर आली नाही. रंग हा निर्णय देत नाही. तो मनाला एका जागी नेऊन सोडतो.

संतसाहित्यात हेच सामर्थ्य अधिक धीटपणे वापरलेले दिसते. ज्ञानेश्वरांच्या नावावरील काही विरहिणींमध्ये सर्वत्र निळा रंग भरून राहिला आहे. आकाश निळे, रात्र निळी आणि पाहणारीचे मनही निळे. विष्णुदास नामा यांच्या प्रसिद्ध गौळणीत रात्रीपासून घागरीपर्यंत जे जे डोळ्यांपुढे येते ते ते काळे आहे, कारण गोपीच्या मनात कृष्ण आहे. नाट्यशास्त्राने ज्या निळ्याला बीभत्साचा वर्ण ठरविले आणि ज्या काळ्याला भयाचा, त्याच दोन रंगांना संतांनी प्रेमाचे रंग केले. हे बंड नव्हे. प्रेमाचा तो स्वाभाविक व्यवहार आहे. ज्याच्यावर जीव जडला त्याचा रंग साऱ्या जगाला लागतो. पंढरीचा विठ्ठल सावळा आणि त्याचे नाव मात्र पांडुरंग, ज्याचा सरळ अर्थ पांढुरक्या वर्णाचा असा होतो. वारकऱ्याला या दोहोंत कधी विसंगती वाटलेली नाही. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात आपल्या बालपणाची कथा लिहिली, तेव्हा कथेतील स्वतःला त्यांनी श्याम हे नाव दिले. पांडुरंग नावाचा लेखक श्याम होऊन बोलू लागला आणि 'श्यामची आई' १९३५ साली प्रसिद्ध झाल्यापासून घराघरांतील मुलांनी त्या सावळ्या नावावर प्रेम केले.

एवढे असूनही रंगाच्या बाबतीत समाजाचे वर्तन साहित्याइतके उदार नाही, आणि प्राथमिक शाळेचा खरा प्रश्न येथेच सुरू होतो. एकच तांबडा रंग सवाष्णीच्या कपाळावर कुंकू म्हणून मिरविला जाई आणि केशवपन केलेल्या विधवेला आलवण म्हणून अंगावर वागवावा लागे. ह. ना. आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीतील यमूच्या वाट्याला हेच वैधव्य आले. रंगाचा तेथे काहीच अपराध नव्हता. समाजाने त्याच्यावर आपली शिक्षा लिहून ठेवली होती. काळ्या रंगाचेही तसेच झाले आहे. संक्रांतीला काळी चंद्रकळा हौसेने नेसतात, मंगळसूत्रात काळे मणी ओवतात, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काजळाची तीट लावतात, जमिनीला काळी आई म्हणतात. आणि त्याच घरात सावळ्या मुलीचा उल्लेख करताना 'रंगाने सावळी असली तरी हुशार आहे' असे म्हणतात. या वाक्यातील घातक शब्द 'सावळी' हा नव्हे. घातक शब्द 'तरी' हा आहे. तो 'तरी' मूल ऐकते आणि सावळेपणा ही भरून काढावयाची उणीव आहे, असे आयुष्यभरासाठी समजून बसते.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. अमेरिकेत केनेथ क्लार्क आणि मामी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास ३ ते ७ वर्षे वयाच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या सर्व सारख्या, फरक फक्त रंगाचा. 'चांगली' बाहुली कोणती असे विचारले असता बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली दाखविली. 'तुझ्यासारखी कोणती?' असा प्रश्न आला तेव्हा काही मुले कावरीबावरी झाली, काही रडली. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला, त्या निकालात या संशोधनाचा उल्लेख झाला. तीन वर्षांचे मूल वाचावयास शिकलेले नसते, पण कोणता रंग चांगला समजला जातो हे मात्र ते शिकलेले असते. ते त्याला गोष्टींनी, गाण्यांनी, चित्रांनी आणि मोठ्यांच्या बोलण्याने शिकविलेले असते. आपल्याकडील मुलांच्या गोष्टींत राजकन्या गोरीपान, राक्षस काळाकुट्ट आणि मोलकरीण सावळी, असे वर्षानुवर्षे होत आले. स्नेहसंमेलनात सीतेच्या भूमिकेसाठी मुलगी निवडताना प्रथम रंग पाहिला जात असेल आणि राक्षसांच्या चेहऱ्यांना काजळी फासली जात असेल, तर त्या दिवशी रंगमंचावर नाटकाखेरीज आणखी एक धडा दिला जातो. आणि तो पाठ्यपुस्तकातील धड्याहून अधिक काळ लक्षात राहतो.

या धड्याला उत्तर देणारा कवी दूरचा नाही. संत चोखामेळा यांचे जन्मस्थान म्हणून याच जिल्ह्याच्या देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे गाव मानले जाते. देवळाबाहेर उभे राहावे लागलेल्या या संताने ऊस, धनुष्य आणि नदी यांचे दाखले देऊन विचारले आहे की, वरवरच्या रूपाला आणि रंगाला माणूस का भुलतो? ऊस वाकडा असला म्हणून रस वाकडा होत नाही, नदीला वळणे असली म्हणून पाण्याला वळणे पडत नाहीत. तो अभंग शाळेत पुष्कळदा पाठ करवून घेतला जातो. पण वर्गात 'काळ्या' या नावाने हाक मारला जाणारा एखादा मुलगा बसलेला असेल आणि ती हाक चालूच राहत असेल, तर पाठांतर झाले आणि अभंग राहून गेला, असेच म्हणावे लागेल.

तेव्हा शिक्षकाने काय करावे? यासाठी निराळे साहित्य लागत नाही, की निराळा तास लागत नाही. प्रथम, कविता वाचून झाल्यावर मुलांना तीतील रंगांचे शब्द क्रमाने फळ्यावर लिहू द्यावेत आणि प्रत्येक रंगापाशी 'येथे मनाला काय वाटले?' एवढेच विचारावे. उत्तरे निरनिराळी येतील. त्यांपैकी कोणतेही चूक ठरवू नये. मग एक रंग बदलून ओळ पुन्हा वाचावी. पांढऱ्या पायवाटेच्या जागी दुसरा रंग घालून पाहिला की कवीने तोच रंग का निवडला हे मुले आपण होऊन सांगू लागतात. व्याख्यान देऊन जे साधत नाही ते या एका कृतीने साधते.

दुसरे, गावाचा रंगकोश मुलांकडून तयार करवून घ्यावा. आमसुली, वांगी, अबोली, मोतिया, डाळिंबी, शेंदरी, राखाडी, करडा, गव्हाळ, मोरपंखी असे कितीतरी शब्द घरातील आजीच्या तोंडी असतात आणि शाळेच्या वहीत येत नाहीत. बैल, ज्वारीचे कणीस, उमललेले बोंड, पावसाआधीचे आभाळ यांच्या रंगांना घरी काय म्हणतात हे मुलांनी विचारून यावे. ज्या मुलाची घरची बोली वऱ्हाडी आहे त्याला त्या दिवशी आपली बोली शाळेच्या उपयोगी पडली, असा अनुभव येतो. हा लाभ लहान नव्हे.

तिसरे, एकाच रंगाची दोन रूपे मुलांना शोधावयास सांगावीत. पिवळा रंग हळदीचा आणि रोगाने पिवळ्या पडलेल्या सोयाबीनच्या पानाचाही. पांढरा रंग वेचलेल्या कापसाचा आणि पावसाविना कोरड्या आभाळाचाही. काळा रंग काळोखाचा आणि पावसाच्या ढगाचाही. असे शोधून झाले की कोणताही रंग जन्मतः चांगला किंवा वाईट नसतो हे मुलांना सांगावे लागत नाही. आणि ज्याला हे रंगांविषयी उमगले त्याला माणसांविषयी उमगणे सोपे जाते.

चौथी गोष्ट सावधगिरीची. वर्गातील काही मुलांना तांबडा आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. हा दोष बहुधा जन्मजात असतो आणि मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक आढळतो. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबु इशिहारा यांनी १९१७ साली त्याच्या तपासणीसाठी ठिपक्यांची चित्रे तयार केली. ती आजही वापरली जातात. पान तांबडे रंगविणारे मूल खोडकर किंवा मंद आहे असे समजून त्याला हसू होऊ देऊ नये. पालकांना सांगून नेत्रतपासणी करून घ्यावी. अशा मुलाने, किंवा ज्याला मुळीच दिसत नाही अशा मुलाने, रंगाच्या कवितेला मुकावे असे मात्र नाही. हिरवा म्हणजे पावसानंतरचा गवताचा वास, तांबडा म्हणजे चुलीची धग, असा मार्ग त्याच्यासाठी भाषेत मोकळा आहे; आणि कित्येकदा हाच मार्ग डोळस मुलांनाही कवितेच्या अधिक जवळ नेतो.

शेवटी एक गोष्ट शिक्षकाच्या स्वतःच्या बोलण्याविषयी. पुस्तकातील शब्द ठरलेले असतात, परंतु वर्गात दिवसभर बोलले जाणारे शब्द शिक्षकाच्या स्वाधीन असतात. कोणत्याही मुलाच्या वर्णावरून पडलेले टोपणनाव हजेरीच्या वेळी त्याच्या मुखातून येता कामा नये, आणि मुलांच्या मुखातून आले तर ते तेथल्या तेथे थांबले पाहिजे. 'सावळी असली तरी' असे म्हणण्याऐवजी 'सावळी आणि हुशार' असे म्हटले, तर एका अव्ययाच्या बदलाने एका मुलीची मान वर होते. साहित्याने रंगांना जे सामर्थ्य दिले आहे ते फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत पोहोचविणे हे शिक्षकाचे काम आहे. काळ्या मातीच्या या मुलखात, काळ्या फळ्यावर पांढऱ्या खडूने लिहिणाऱ्या माणसाला या दोन्ही रंगांची थोरवी निराळी सांगावी लागेल, असे वाटत नाही.